‘रूम नाही’ हे नीट कसं सांगायचं: होमस्टेवाल्यांच्या इंग्रजी वर्गासाठी

‘गिव्ह मी युअर पासपोर्ट.’ या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. दहावीच्या पेपरात मी त्याला पूर्ण गुण देईन. पण तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेच्या ओसरीवर, रात्रभर प्रवास करून आलेल्या बाईला हेच ऐकवलं तर तिला आपण पोलीस चौकीत उभ्या आहोत असं वाटतं. आणि बोलणारा मुलगा मुळीच उद्धट नसतो. पुण्याच्या पाहुण्याला तोच म्हणतो, ‘ताई, आधार कार्ड देता का जरा? फोटो काढून लगेच परत देतो.’ जरा, देता का, लगेच परत, सगळं जागच्या जागी असतं. इंग्रजीत शिरताना मात्र तो हे सगळं चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवतो.

मी मालवण तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि पावसाळ्यात संध्याकाळी होमस्टेवाले, होडीवाले, स्कूबाचे गाईड यांचा वर्ग घेते. मे संपत आला की किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत, त्यामुळे लोकांना वेळ असतो. असा वर्ग आपल्या गावात सुरू करावा असं कुणाच्या मनात असेल तर हे त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी, या लोकांना इंग्रजी येत नाही असं धरून चालू नका. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. विशी-पंचविशीतला मुलगा दहा वर्षं ते शिकूनच बाहेर पडलेला असतो. त्याला काळ येतात, प्रश्न करता येतो, शब्दही बरेच असतात. अडतं ते हे सगळं कुणापुढे, कधी आणि कुठल्या तऱ्हेने वापरायचं तिथे. आणि याचा त्रास इंग्रजी चांगलं असणाऱ्यालाच जास्त होतो. जेनी थॉमस या ब्रिटिश भाषाअभ्यासकांनी १९८३ साली लिहिलेल्या लेखात हे नेमकं मांडलंय: परक्याचं व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याला भाषा कमी येते. बोलण्याची तऱ्हा चुकली तर म्हणतो, हा माणूसच असा आहे. तोडकंमोडकं बोलणाऱ्या होडीवाल्या काकांना पाहुणे हसून सगळं माफ करतात. फाडफाड बोलणाऱ्या त्यांच्या पुतण्याला ती सूट मिळत नाही.

आम्हा शिक्षकांची नजरही तयार झालेली असते ती व्याकरणावर. बार्डोव्ही-हार्लिग आणि डॉर्नेई या दोन भाषाअभ्यासकांनी १९९८ साली एक तुलना प्रसिद्ध केली. हंगेरीत राहून इंग्रजी शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक, दोघांनाही व्याकरणाची चूक जास्त गंभीर वाटली. अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना आणि तिथल्या शिक्षकांना तऱ्हेची चूक जास्त खुपली. आपण सगळे हंगेरीवाल्यांच्या बाकावर बसलेलो आहोत. लाल पेन ‘अ’ आणि ‘द’ वर धावतं, ‘गिव्ह मी’वरून सरळ पुढे जातं. तेव्हा वर्ग सुरू करण्याआधी स्वतःचं ते पेन आवरा.

पहिले काही तास इंग्रजी बोलूच देऊ नका. हो, इंग्रजीच्या वर्गात. मालवणीत सुरुवात करा. माझा पहिला प्रश्न साधा असतो: होडी बांधायला दोरी हवी आहे. धाकट्या भावाकडे कशी मागशील? शेजारच्या काकांकडे? आणि ज्यांच्याशी गेल्या वर्षी जाळ्यावरून वाजलं होतं त्या माणसाकडे? भावाला ‘दोरी टाक रे’ पुरतं. काकांना ‘काकानू, जरा ती दोरी दी बघया’ होतं. तिसऱ्याकडे कुणीच सरळ दोरी मागत नाही. आधी पावसाचं बोलणं, मग पापलेटचा भाव, मग आपली दोरी कशी कुजली त्याची गजाल, आणि शेवटी तोच म्हणतो, ‘माझी व्हर,’ म्हणजे घेऊन जा. हे सगळं फळ्यावर लिहा. मग विचारा, फरक कशामुळे पडला? उत्तरं वर्गातूनच येतात: समोरचा मोठा की धाकटा, आपला की परका, आणि मागतोय ती गोष्ट लहान की मोठी. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ साली सभ्यतेचं जे गणित मांडलं त्यात हेच तीन घटक आहेत, आणि त्यांनी तपासलेल्या तीन भाषांपैकी एक होती कोइमतूरकडची तमिळ. विद्यार्थ्यांना ही नावं सांगायची गरज नाही. मात्र हे शास्त्र आपल्याला आधीपासून येतं, फक्त इंग्रजीतली बटणं कुठे आहेत ते माहीत नाही, एवढं त्यांना पटलं की निम्मी भीती जाते.

मग मागणी. पुस्तकं इथे विनंतीच्या दहा-बारा वाक्यांची यादी देतात. ती देऊ नका. कामाला दोनच पुरतात. लहान गोष्टीला ‘कुड आय...’ किंवा ‘कुड यू...’, आणि मोठ्या गोष्टीला, म्हणजे खोली बदलून देण्यासाठी सामान हलवायला सांगणं वगैरे, ‘वुड इट बी ओके इफ...’. ‘वुड यू माइंड’ मी बोलायला शिकवत नाही, फक्त ऐकायला शिकवते, कारण त्याला आनंदाने ‘येस’ म्हटलं की ‘हो, माझी हरकत आहे’ असा अर्थ होतो आणि पाहुणी गोंधळते.

वाक्यापेक्षा जास्त काम करतं ते कारण. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे नोंदवावी लागते, पासपोर्ट त्यासाठीच हवा असतो. मग ते सांगा ना! ‘वुई हॅव टू रजिस्टर फॉरेन गेस्ट्स विदिन ट्वेंटी-फोर अवर्स. कुड आय टेक अ फोटो ऑफ युअर पासपोर्ट?’ आधी कारण, मग मागणी. मराठीत आपण हा क्रम पाळतोच. ‘प्लीज’ची जादू मात्र डोक्यातून काढून टाका. ‘प्लीज गिव्ह मी मनी’ हा हुकूमच राहतो.

एवढं शिकवलं की वर्ग सगळीकडे ‘कुड यू’ लावायला लागतो आणि नवीनच घोळ होतो. लाट अंगावर येतेय आणि होडीवाला म्हणतोय, ‘सर, कुड यू प्लीज होल्ड द रोप?’ तिथे ‘होल्ड द रोप!’ हेच बरोबर. ‘सिट डाउन’, ‘डोन्ट स्टँड’, ‘लाइफ जॅकेट ऑन’ ही वाक्यं छोटी, मोठ्या आवाजात आणि कसलीही साखर न लावता पाठ करून घ्या. जिवाचा प्रश्न असतो तिथे आज्ञा उद्धट वाटत नाही. आणखी एक जागा आहे: ज्यात ऐकणाऱ्याचाच फायदा, तिथेही आज्ञार्थ गोडच लागतो. ‘ट्राय द सोलकढी’, ‘माइंड द स्टेप, इट्स स्लिपरी’. त्यात ‘कुड यू’ घातलं तर उलट विचित्र वाटतं. तेव्हा फळ्यावर दोन रकाने करा, काम कुणाचं आणि फायदा कुणाचा, आणि तीसेक वाक्यं वर्गाकडून त्यात टाकून घ्या. माझ्या वर्गात यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरून होत नाहीत, आणि तीच हवी असतात. ‘लीव्ह द की ॲट द डेस्क’ कुठल्या रकान्यात जाईल यावर एकदा अख्खा तास गेला. जाऊ द्या असा तास.

आता नकार. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण कोकणी माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. ‘बघतो’, ‘करूया काहीतरी’, ‘पाऊस काय म्हणतो त्यावर आहे’. आपल्यात ऐकणाऱ्याला समजतं. बंगळूरच्या पाहुण्याने नाताळच्या आठवड्यासाठी फोन करून खोली विचारली, आपण म्हणालो ‘आय विल ट्राय’, की तो समजतो हा आता प्रयत्न करणार, बहुतेक होईल. तो तिकिटं काढतो. कुडाळ स्टेशनला उतरून फोन करतो. आणि मग दोघांनाही वाटतं की समोरच्याने फसवलं.

नकाराचे तीन तुकडे शिकवा: वाईट वाटलं, कारण, दुसरा मार्ग. ‘आयॅम सॉरी, वुई आर फुल दॅट वीक. माय कझिन हॅज रूम्स इन देवबाग. शॅल आय सेंड यू हिज नंबर?’ वर्गात तिसरा तुकडा लगेच जमतो, कारण पाहुण्याला असा सोडायचा नाही हे रक्तातच आहे. दुसराही जमतो, जरा जास्तच जमतो: आत्येच्या नातवाची मुंज, पाण्याचा पंप, विहीर, सगळं येतं. कारण एकाच वाक्यात बसवायला सांगा. अडतं ते स्पष्ट ‘वुई आर फुल’ तोंडातून काढणं. त्यासाठी मी चिठ्ठ्या करते. एकावर पाहुणा, एकावर मालक. पाहुण्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: ‘मालकाने स्पष्ट नाही म्हटलं नाही तर तुम्ही येणारच.’ खेळ संपल्यावर पाहुण्याला विचारायचं, तू येतोयस का? तो ‘येतोय’ म्हणाला की मालक हरला. हसत हसत दोन-चार फेऱ्यांत जीभ सैल होते.

‘आय विल ट्राय’वर बंदी घाला. त्याऐवजी ‘आय विल टेल यू बाय सिक्स ओ’क्लॉक’. वेळ सांगितली की पाहुणा निर्धास्त, आणि आपल्यालाही सहा वाजता फोन करणं भाग पडतं. हवामानाच्या बाबतीत तर हे फार उपयोगी. ‘वारा असेल तर होडी जाणार नाही, सकाळी सातला सांगतो’ हे इंग्रजीत सांगता आलं की दिवसभराची कटकट वाचते.

नकाराला चिकटूनच एक खड्डा आहे. ‘डोन्ट यू हॅव एसी?’ मराठीत ‘एसी नाही का?’ असं विचारलं तर आपण म्हणतो, ‘हो, नाहीये.’ तेच डोक्यात ठेवून मुलगा म्हणतो ‘येस’. पाहुणी खूश होऊन खोली घेते, आणि दुपारी बारा वाजता पंख्याखाली बसून फोन करते. याचा नियम समजावत बसू नका, आयत्या वेळी आठवत नाही. सवय अशी लावा की अशा प्रश्नाला येस-नो म्हणायचंच नाही, वस्तुस्थिती सांगायची: ‘वुई डोन्ट हॅव एसी. देअर इज अ फॅन, अँड द सी ब्रीझ इज गुड आफ्टर फाइव्ह.’ रोज तासाच्या सुरुवातीला असे पाच-सहा उलटे प्रश्न टाका. डोन्ट यू टेक कार्ड्ज, इझन्ट देअर पार्किंग, डिडन्ट माय वाइफ पे.

बोलण्याइतकंच ऐकणंही शिकवायला लागतं. पाहुणा विचारतो, ‘इज इट ऑल्वेज धिस लाउड ॲट नाइट?’ आमचा विद्यार्थी प्रामाणिकपणे सांगतो, ‘येस सर, सॅटर्डे मोअर.’ पाहुण्याने चौकशी केलेलीच नाही, तक्रार केली आहे. हे समजावायला मी सासूला मदतीला घेते. जेवताना सासू म्हणाली, ‘मीठ स्वस्त झालंय वाटतं,’ तर कुठली सून मिठाचा भाव सांगते? सगळ्या बायका हसतात आणि मुद्दा पोचतो. मग इंग्रजी वाक्यं द्या आणि एवढंच विचारा, पाहुण्याला हवंय काय? ‘इट्स क्वाइट वॉर्म इन हिअर.’ ‘इज धिस द ओन्ली बाथरूम?’ ‘द करी इज अ बिट स्पायसी फॉर द किड्स.’ ‘मेबी लेटर.’ या शेवटच्यावर जरा थांबा. ‘मेबी लेटर’ म्हणजे बहुधा ‘नको’. त्यानंतर स्कूबाची किंमत कमी करून पुन्हा विचारायला जाऊ नये, नाहीतर इंटरनेटवरच्या अभिप्रायात ‘पुशी’, म्हणजे मागे लागणारे, हा शब्द येतो. हे अभिप्राय हा फुकटचा धडा आहे. तुमच्याच परिसरातल्या जागांचे, नावं काढून, वर्गात वाचा. चांगल्या जेवणाला पाच तारे देऊनही माणूस बोलण्याच्या तऱ्हेबद्दल काय लिहितो ते बघितलं की मला फारसं बोलावं लागत नाही.

जेवणाच्या आग्रहाचंही असंच. कोंबडी-वड्यांचं ताट समोर आहे, पाहुणी ‘नो, थँक यू’ म्हणाली. आपल्यात पहिला नकार हा नकार नसतोच, तो संकोच असतो, म्हणून आपण ‘घ्या हो’ करत वडा वाढूनच टाकतो. मी दोनदाचा नियम शिकवते. एकदा विचारा. नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नका, नुसतं सांगून ठेवा: ‘देअर इज मोअर इफ यू लाइक.’ मग भांडं तिथेच ठेवून आत जा. खायचं असेल तर ती घेते, आणि आपलंही मन राहतं. ‘टेक, टेक, व्हाय यू आर नॉट ईटिंग’ हे मात्र बंद.

खासगी प्रश्नांबद्दल शिक्षकांनी सोवळेपणा करू नये असं माझं मत. लग्न झालं का, मुलं किती, पगार किती, हे विचारणं वाईट असं सांगितलं की विद्यार्थ्यांना वाटतं आपली रीतच वाईट. तसं नाहीये. एसटीत शेजारी बसलेल्याला आपण गाव विचारतो ती आपुलकीच असते. युरोपातल्या पाहुण्याला ती चौकशी वाटू शकते, कोल्हापूरच्या पाहुण्याला नाही. त्यामुळे बंदी न घालता युक्ती द्या: आधी आपलं सांगा आणि थांबा. ‘आय हॅव टू डॉटर्स. द एल्डर वन इज इन टेन्थ.’ समोरच्याला सांगायचं असेल तर तो सांगेल, नसेल तर मुलीची दहावी पुरे. पगार मात्र कुणालाच विचारू नका, हे माझं मराठीतही मत आहे.

लहानसहान गोष्टी भराभर उरकता येतात. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. त्याचं ‘आयॅम कमिंग’ केलं तर पाहुणा वाट बघत बसतो. ‘सी यू इन द मॉर्निंग’ म्हणा. फोन उचलून ‘बोला’च्या जागी ‘टेल मी’ म्हणण्याची पद्धत देशभर चालते, पण नाव सांगून ‘हाउ कॅन आय हेल्प?’ म्हटलेलं बरं. थँक्यू घरात म्हणायला लाज वाटते, आई म्हणते मोठा साहेब झालास. तेव्हा वर्गात खडू देताघेताना म्हणून सवय करून घ्या. व्हॉट्सॲपवर ‘येस ३००० ॲडव्हान्स सेंड जीपे’ एवढंच न पाठवता आधी हॅलो आणि पाहुण्याचं नाव, मग तारखा पुन्हा लिहायच्या, मग पैशांचं. तारखा पुन्हा लिहिल्याने चुकाही पकडल्या जातात.

इथे एक प्रश्न वर्गातून हमखास येतो: ‘बाई, आपल्याकडे गोरे येतात किती?’ रास्त प्रश्न आहे. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, शेजारी गोव्यात मोपाही झाला, तरी आपल्या ओसरीवर इंग्रजी बोलणारा पाहुणा बहुतेकदा बंगळूर, हैदराबाद किंवा केरळचा असतो. इंग्रजी त्याचीही घरची भाषा नाही. म्हणून लंडनच्या चालीरीती शिकवत बसू नका. ‘सर’, ‘मॅडम’ राहू द्या, कुणाचं बिघडत नाही. वयस्क पाहुण्याला ‘अंकल’ म्हटलेलं हैदराबादकडच्या माणसाला आवडतंच. मी चाळणी अशी लावते: ही तऱ्हा केरळच्या माणसालाही कळेल आणि जर्मनीच्या माणसालाही लागणार नाही, अशी आहे का? असेल तर शिकवायची. नुसती इंग्रजांची खासियत असेल तर सोडून द्यायची.

तपासताना चूक-बरोबर असा शेरा मारू नका. प्रत्येक प्रसंग झाला की बाकीच्यांना विचारा, हे ऐकून पाहुण्याला तुझ्याबद्दल काय वाटेल? ‘मॅडम, वन मिनट, आय चेक अँड टेल’ हे व्याकरणात नापास आहे, पण निर्दोष ‘वेट’पेक्षा माझ्याकडे त्याला जास्त गुण आहेत. आवाजही ऐका. ‘कुड यू वेट’ शेवटी आवाज खाली आपटून म्हटलं की ते पुन्हा हुकूमच होतं. यासाठी व्हॉइस मेसेज उत्तम. प्रत्येकाने आपलं वाक्य ग्रुपवर टाकायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि पुन्हा टाकायचं. माझ्या वर्गातले आजोबा-वयाचे विद्यार्थी यात पोरांपेक्षा पुढे असतात, कारण हेल कुठे चढवायचा हे त्यांना भजनातून पक्कं माहीत असतं.

शेवटची परीक्षा फोनवर घ्या, आणि ती सांगून घेऊ नका. बाहेरगावच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विद्यार्थ्यांचे नंबर द्या, अर्थात असा फोन कधीतरी येईल याची त्यांची परवानगी आधी घेऊन. त्याने पाहुणा बनून फोन करायचा, मोकळी नसलेली तारीख मागायची, एक उलटा प्रश्न विचारायचा, एक तक्रार आडून करायची, आणि संपल्यावर दोन ओळींत कळवायचं की या माणसाकडे राहायला आवडेल का. हे नारळी पौर्णिमेच्या आधी उरका. एकदा समुद्राला नारळ पडला की होड्या रंगवायला काढतात, आणि मग तुमच्या वर्गाला कोणी फिरकत नाही.